कष्ट, उपवास आणि गर्भधारणा

दर महिन्याला स्त्रीबीज सुटावे यासाठी मेंदूकडून ठराविक अंतराने संप्रेरकांचे इशारे जावे लागतात. खर्चाच्या मानाने खाणे कमी पडले की ते मंदावतात. हा दोष कष्टांचा की उपासमारीचा, याचा उलगडा अमेरिकेत अ‍ॅन लाउक्स यांनी 1998 मध्ये केला: व्यायाम तोच ठेवून पुरेसे खायला दिले तर इशारे बिघडले नाहीत.

बिदर-कलबुर्गी भागातल्या भालकी, औराद, आळंदकडच्या बाईचा अनुभव याला धरूनच आहे. उडीद-सोयाबीनची खुरपणी, पुढे तुरीची रास, वर घरचे पाणी-सरपण. आणि मूल राहावे म्हणून धरलेले गुरुवार. गुरुचरित्रात साठ वर्षांच्या वंध्येला गाणगापुरी संतान झाल्याची कथा आहे. त्या श्रद्धेने बाया प्रदक्षिणाही घालतात. चालण्याने काही बिघडत नाही. बिघडते ते दिवसभर राबून निरंकार राहण्याने. पाळी आधी लांबते, अंगावरचे कमी जाते, मग एखादा महिना चुकतो. घरात दिवस गेल्याची आशा लागते, ती फोल ठरते आणि बाई आणखी एक वार धरते. सासूला ही निष्ठा वाटते. खरे तर आधीच तुटीत असलेल्या शरीराची तूट त्याने वाढते.

अंगाने स्थूल असलेल्यांचे गणित निराळे. डेन्मार्कमधल्या साडेतीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या 2012 च्या अभ्यासात आठवड्याला पाच तास किंवा त्याहून जास्त दमछाकीचा व्यायाम करणाऱ्या सडपातळ स्त्रियांना दिवस राहायला जास्त वेळ लागला. जाड स्त्रियांत तसे दिसले नाही. मध्यम हालचाल मात्र दोघींनाही अनुकूल ठरली. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार) असलेल्या स्थूल स्त्रीचे वजन 5 ते 10 टक्के उतरले तरी पाळी पुष्कळदा रुळावर येते. तिला ‘जड काम करू नको’ म्हणून बसवून ठेवणे उलटे पडते.

सडपातळ, राबणाऱ्या बाईने सुगीत उपवास धरू नयेत. निदान भाकरी, डाळ, शेंगदाणे यांत कपात करू नये. वर्षभरात, पस्तिशीनंतर सहा महिन्यांत, दिवस राहिले नाहीत तर बिदर किंवा कलबुर्गीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दोघांनी जावे. नवऱ्याची वीर्यतपासणी सोपी असते, तरी तीच शेवटी होते. ती आधी करावी. गर्भ नसताना तीन महिने पाळी आली नसेल, तर वर्ष भरण्याची वाट पाहू नये.