हृदयरुग्णांतील नैराश्य : उपचारांची दिशा

हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या साधारणपणे दर पाच रुग्णांपैकी एकास तीव्र नैराश्य ग्रासते. घरी परतल्यावर त्याचे कशातच मन लागत नाही, झोप उडते, औषधे चुकू लागतात. एवढ्या मोठ्या दुखण्यानंतर असे व्हायचेच, अशी कुटुंबीयांची आणि पुष्कळदा डॉक्टरांचीही समजूत असते. ही समजूत घातक आहे. कॅनडातील माँट्रियल येथील २२२ रुग्णांच्या पाहणीत (१९९३) नैराश्यग्रस्तांना पहिल्या सहा महिन्यांत मृत्यूचा धोका कित्येक पटींनी अधिक आढळला. रक्तबिंबिका अधिक चिकट होणे, हृदयाच्या गतीवरील चेतासंस्थेचे नियंत्रण बिघडणे ही त्याची शारीरिक कारणे मानली जातात. व्यायाम व औषधे सुटणे हे तितकेच महत्त्वाचे कारण होय.

औषधाची निवड मात्र जपून करावी लागते. अमिट्रिप्टिलीनसारखी जुनी ट्रायसायक्लिक औषधे हृदयातील विद्युतवहनात अडथळा आणू शकतात, म्हणून ती येथे टाळली जातात. एसएसआरआय गटातील सर्ट्रालीन झटक्यानंतरही सुरक्षित असल्याचे ३६९ रुग्णांवरील चाचणीतून २००२ मध्ये स्पष्ट झाले. अ‍ॅस्पिरिनसोबत हे औषध घेताना रक्तस्रावाकडे लक्ष ठेवावे लागते, एवढेच.

नैराश्य हटले म्हणजे आयुष्य वाढते काय? येथे परीक्षार्थींनी घाईने ‘होय’ लिहू नये. अमेरिकेत २,४८१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२००३) बोधात्मक वर्तनोपचाराने मनःस्थिती सुधारली, परंतु मृत्यू व पुन्हा येणारे झटके कमी झाले नाहीत. उलट, दक्षिण कोरियात एसिटॅलोप्रॅम घेतलेल्या रुग्णांत सुमारे आठ वर्षांच्या पाठपुराव्यात हृदयविषयक गंभीर घटना कमी आढळल्या (२०१८). केवळ मृत्यूंच्या प्रमाणातील फरक तेथेही निर्णायक नव्हता. तरीही उपचार करावयाचे, कारण नैराश्य हा स्वतंत्र आजार आहे आणि त्याच्या वेदना रुग्ण आज भोगतो आहे.

भारतापुढील अडचण औषधाची कमी, व्यवस्थेची अधिक आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) नैराश्याचे सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात. हृदयविकार व मधुमेह असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात (२०१०) येतात, तर नैराश्य १९९६ पासूनच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात. रुग्ण मात्र एकच असतो. ही दरी सांधण्याचा एक मार्ग मधुमेहाच्या क्षेत्रात तपासला गेला आहे. देशातील चार मधुमेह केंद्रांत नैराश्यही असलेल्या ४०४ रुग्णांवर एक चाचणी झाली (२०२०). तेथे डॉक्टर नसलेले प्रशिक्षित समन्वयक रुग्णांची मनःस्थिती, साखर व रक्तदाब यांची एकत्र नोंद ठेवत आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने उपचार बदलले जात. दोन वर्षांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा या पद्धतीत अधिक रुग्णांचे नैराश्य ओसरले आणि त्याच रुग्णांची साखर, रक्तदाब वा कोलेस्टेरॉल यांपैकी किमान एक बाबही सुधारली. हृदयरोग विभागात अशा समन्वयकाला फार वेगळे काही शिकावे लागणार नाही. गेल्या दोन आठवड्यांतील उदासी व निरिच्छता यांविषयीच्या दोन प्रश्नांनी प्राथमिक चाळणी होऊ शकते.