सर्पाची वाढ व कात

गत पावसाळ्यांत शाळेच्या कुंपणापाशीं एका विद्यार्थ्यास सर्पाची हातभर लांबीची कात सांपडली. ती घेऊन तो वर्गांत आला व म्हणाला, “सर, हें पिलूच असलें पाहिजे. त्याला अजून विष आलें नसेल. दिसलें तर धरून बरणींत ठेवूं.” त्याचें पहिलें अनुमान बरोबर असेलही, दुसरें मात्र जिवावर बेतणारें होतें. म्हणून त्या दिवशींचा पाठ येथें देत आहें.

आपलीही त्वचा झिजते. परंतु तिचे सूक्ष्म कण नकळत गळून पडतात. सर्पाच्या अंगावरील बाह्य आवरण निर्जीव असून तें शरीराबरोबर वाढत नाहीं. तोकडा झालेला सदरा टाकावा, तसें तो तें टाकितो. प्रथम जुन्या आवरणाखालीं नवें तयार होतें. मग दोहोंमध्यें एक द्रव पाझरतो. त्यामुळें अंगाचा रंग मळकट व डोळे दुधाळ, निळसर दिसूं लागतात. सर्पास पापण्या नसतात. डोळ्यांवर पारदर्शक खवला असतो, व तोही कातीबरोबर निघतो. या दिवसांत त्यास नीट दिसत नाहीं. तो बहुधा अन्न सोडून दडून बसतो, आणि डिवचल्यास चटकन दंश करूं शकतो. कांहीं दिवसांनीं डोळे स्वच्छ होतात. मग तो दगडावर तोंड घासतो, ओठांपाशीं कात सुटते, व पायमोजा उलटा काढावा तशी ती मागें राहते. निघतांना ती ताणली जाते. म्हणून ती सर्पाहून कांहींशी लांब भरते.

कात टाकून सर्प पुन्हां तरुण होतो, हा समज निराधार आहे. पिलें झपाट्यानें वाढत असल्यामुळें वारंवार कात टाकितात. प्रौढ सर्प वर्षांतून थोड्याच वेळां टाकितो. धामणीचें पिलू अंड्यांतून निघतें तेव्हां फूट-दीड फूट असतें. पूर्ण वाढलेली धामण सहा-सात फूट भरते. घोणस अंडीं न घालतां वीतभर लांबीचीं जिवंत पिलें प्रसवते. प्रौढ झाल्यावर वाढ मंदावते. ती अन्न व उष्णता यांवर अवलंबून असल्यानें लांबीवरून वय ठरवितां येत नाहीं.

विषासंबंधीं मात्र एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. नाग व घोणस यांच्या पिलांस जन्मतःच विषग्रंथी व विषदंत असतात. वीतभर पिलाचा दंशही घातक ठरूं शकतो. यास्तव लहान म्हणून कोणत्याही सर्पास हात लावूं नये. सावकाश मागें सरून वडीलधाऱ्यांस हांक मारावी. त्यास मारण्याचेंही कारण नाहीं. धामण तर बिनविषारी असून उंदीर खाऊन शेतकऱ्यावर उपकारच करिते. दंश झालाच, तर जखम कापूं नये, चोखूं नये, घट्ट बांधूं नये. तो अवयव स्थिर ठेवून रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. विषावरील खरा उपाय प्रतिविष, आणि तें तेथेंच मिळतें. पालकांनींही मंत्र-उताऱ्यांत वेळ दवडूं नये.

त्या विद्यार्थ्यानें आणलेली बरणी आज आमच्या शास्त्राच्या वर्गांत आहे. तींत ती कात ठेविली आहे. पिलाच्या शोधास मात्र कोणी गेलें नाहीं.