जीमेल भरलं, मेल अडले

प्रश्न : माझं जीमेल भरलंय. मुलाच्या कॉलेजचे मेल येत नाहीत. जुने पुसतेय, तरी जागा होत नाही. – एक वाचक, चंदनसार, विरार पूर्व

उत्तर : ताई, एकेक मेल पुसत बसू नका, नुसत्या मजकुराला जागा फार थोडी लागते. मोफत मिळणारे 15 जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत मिळून असतात. 1 जून 2021 पासून चढवलेले फोटो त्यातच मोजले जातात, अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही. माझा पहिला संशय त्याच्यावरच! त्यातून व्हिडिओ वगळा आणि नवा बॅकअप घ्या. मग संगणकावर जीमेलच्या शोधपट्टीतल्या फिल्टरमध्ये 10 एमबीपेक्षा मोठे मेल शोधा. घराची, शाळेची कागदपत्रं आधी उतरवून घ्या, हे मात्र नक्की करा. पुसल्यावर कचरापेटीही लगेच रिकामी करा, नाहीतर 30 दिवस जागा अडलेलीच राहते. तोवर कॉलेजला दुसरा पत्ता कळवा.