घरची सफाई : आमसूल, सोडा आणि ऍसिडची बाटली

गणपती किंवा दिवाळी तोंडावर आली की अंबरनाथ पश्चिमेतल्या माझ्या दवाखान्यात खोकल्याचे काही वेगळेच रुग्ण येतात. ताप नाही, सर्दी नाही. पण घसा जळतो, डोळे चुरचुरतात, छाती आवळल्यासारखी वाटते. चौकशी केली की कळते, आदल्या दिवशी संडास-बाथरूम घासलेले असते. आणखी खोदून विचारले तर ऍसिडने डाग निघाले नाहीत म्हणून वरून ब्लीचिंग पावडरही टाकलेली असते.

या दोन वस्तू एकत्र आल्या की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. तो हवेपेक्षा जड असल्याने खालीच रेंगाळतो, म्हणजे उकिडवे बसून फरशी घासणाऱ्या बाईच्या नाकाशी. बाटलीतल्या बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्येही हायड्रोक्लोरिक ऍसिडच असते, हे लेबल वाचल्यास दिसेल. सप्टेंबर २०२४ मध्ये मोरिवली एमआयडीसीच्या बाजूने शहरात रासायनिक धूर पसरला तेव्हा आपण किती घाबरलो! आणि घरच्या चार बाय चारच्या मोरीत मात्र खिडकी लावून घेऊन तसलाच धूर स्वतः तयार करतो. आपले गाव कारखान्यांचे. रसायने एकमेकांपासून लांब ठेवायची, हे कारखान्यात नोकरी केलेल्या घरातल्या आजोबांना विचारा, तेच सांगतील.

खरे म्हणजे रोजच्या सफाईला ऍसिड लागतच नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना भिजवलेले आमसूल, चिंच किंवा पिळलेल्या लिंबाची साल मिठाबरोबर चोळावी. आंबटाने वरचा काळा थर विरघळतो. घासल्यावर भांडे लगेच धुऊन कोरडे करावे. बोअरवेलच्या पाण्याने नळावर, बादलीवर पांढरे खवले धरतात, तो चुना असतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवावे, मग घासावे. तेलकट ओटा आणि तुंबत आलेली मोरी यांना धुण्याचा सोडा व गरम पाणी पुरते, हातमोजे घालावेत. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी व चमचाभर खाण्याचा सोडा घालून उकळी आणली की करप सुटते. ऍल्युमिनियमच्या भांड्याला मात्र सोडा लावू नये, ते काळे पडते.

ओट्याबद्दल आणखी एक सांगतो. कडप्पा आणि शहाबादी फरशी हे चुनखडीचे दगड आहेत. त्यांवर लिंबू, व्हिनेगर वा ऍसिड पडले की दगडच खाल्ला जातो, तुकतुकी जाते आणि खडबडीत जागेत मळ अधिक बसतो. अशा ओट्याला साबणाचे पाणीच बरे. ग्रॅनाइटला ही भीती कमी.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढण्याची हल्ली फार हौस आहे. त्यात विषारी काही नाही. पण दोघे एकमेकांना मारतात आणि मागे उरते बहुतांशी खारट पाणी. वेगवेगळे वापरा, पैसे वाचतील.

ब्लीचिंग पावडर वापरायचीच असेल तर एकटी वापरावी, दार-खिडकी उघडी ठेवून. आधी ऍसिड वापरले असल्यास भरपूर पाण्याने धुवावे आणि पावडर दुसऱ्या दिवशी. सुटे ऍसिड थंड पेयाच्या जुन्या बाटलीत आणून ठेवणे तर फारच घातक; उन्हाळ्यात तहानलेले पोर तीच बाटली तोंडाला लावते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ऍसिडच्या किरकोळ विक्रीवर कडक बंधने घातली, तरी अशी बाटली अजूनही काही घरांत सापडते.

वायू लागलाच तर काम टाकून मोकळ्या हवेत यावे, डोळे साध्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावेत. दम्याच्या माणसाने वाट पाहू नये. धाप आठ-दहा तासांनीही वाढू शकते. ऍसिड पोटात गेले असल्यास ओकारी काढू नये, मिठाचे पाणी पाजू नये. १०८ ला फोन करावा आणि रुग्णालयात जाताना ती बाटली बरोबर न्यावी.