शब्द आणि वस्तू

सन १८८१ मध्ये पॅरिस शहरात विद्युत्-यंत्रांचे एक मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. त्यातील एका दालनापुढे लोकांची सारखी रीघ लागे. आत गेलेला मनुष्य दोन लहान श्रवणयंत्रे दोन्ही कानांशी धरी आणि क्षणार्धात चकित होई. कारण दूरच्या ऑपेरागृहात चाललेले गायन त्याला तेथे उभ्या उभ्या ऐकू येत असे. क्लेमां आदेर या फ्रेंच अभियंत्याने ही योजना सिद्ध केली होती. पुढे १८९१ मध्ये एर्नेस्त मेर्काद्ये या दुसऱ्या फ्रेंच अभियंत्याने कानांत बसतील अशा हलक्या श्रवणयंत्राचे पेटंट मिळवले. आजच्या हेडफोनांचे व इअरफोनांचे हे पूर्वजच होत.

वस्तू एका देशातून दुसऱ्या देशात जाते, तेव्हा तिच्याबरोबर तिचे माहितीपत्रकही जाते. फ्रान्समध्ये तयार झालेला हेडफोन इंग्लंडमध्ये विकावयाचा, तर त्याचे फ्रेंच पत्रक इंग्रजीत आणावे लागते. हे काम भाषांतरकाराचे. वरवर पाहता ते सोपे वाटते. शब्दकोश उघडावा, एका शब्दापुढे दुसरा शब्द मांडावा, की झाले! परंतु पहिल्याच शब्दाशी अडचण उभी राहते.

फ्रेंच भाषेत हेडफोनला ‘कास्क’ म्हणतात. कास्क म्हणजे शिरस्त्राण. सैनिकाचे शिरस्त्राण, मोटारसायकलस्वाराचे हेल्मेट आणि गाणे ऐकण्याचा हेडफोन, या तिन्ही वस्तूंना फ्रेंच माणूस कास्क याच नावाने ओळखतो. कारण तिन्ही डोक्यावर चढवावयाच्या असतात. इंग्रजीत मात्र हेल्मेट निराळे आणि हेडफोन निराळा. बोलण्यासाठी मायक्रोफोन जोडलेला असेल, तर फ्रेंच पत्रकात ‘मिक्रो असलेला कास्क’ असे लिहिलेले असते. येथे मिक्रो म्हणजे सूक्ष्म नव्हे; तो मायक्रोफोन या शब्दाचाच संक्षेप आहे. इंग्रजीत या सबंध जोडणीला ‘हेडसेट’ असा एकच शब्द आहे. अनेक शब्दांचे काम कधी एका शब्दाने होते, ते असे.

दोन्ही कानांना जोडणाऱ्या पट्टीला फ्रेंच लोक ‘आर्सो’, म्हणजे लहान कमान, असे म्हणतात. इंग्रज तिला ‘हेडबँड’, म्हणजे डोक्यावरची पट्टी, असे म्हणतात. फ्रेंच भाषेने वस्तूचा आकार पाहिला. इंग्रजीने तिची जागा पाहिली. वस्तू एकच, पण पाहणाऱ्यांच्या दृष्टी दोन!

याहून फसवे शब्द निराळेच असतात. ते दोन्ही भाषांत सारखे दिसतात, पण त्यांचे अर्थ वेगळे असतात. १९२८ मध्ये केसलेर व दरोकिन्यी या दोघा फ्रेंच लेखकांनी अशा शब्दांवर एक पुस्तक लिहिले आणि त्यांना ‘खोटे मित्र’ असे नाव दिले. ते नाव आजही रूढ आहे. हेडफोनच्या पत्रकातही असे खोटे मित्र भेटतात. ‘ग्राव’ हा शब्द पाहताच इंग्रजी वाचकाला ‘ग्रेव्ह’, म्हणजे गंभीर किंवा थडगे, हा आपला शब्द आठवतो. फ्रेंच पत्रकात त्याचा अर्थ खालच्या पट्टीतील स्वर, मराठी गवयाचा खर्ज, असा असतो. त्यासाठी इंग्रजीत ‘बेस’ असे लिहावे लागते. तसाच ‘सांसिबिलिते’ हा शब्द. ठराविक विद्युत्-शक्ती दिली असता हेडफोन किती मोठा आवाज देईल, हे तो सांगतो. त्याच्याशी मिळताजुळता ‘सेन्सिबिलिटी’ हा इंग्रजी शब्द मनाच्या हळुवारपणाचा वाचक आहे; योग्य शब्द ‘सेन्सिटिव्हिटी’ हा होय.

अक्षरांप्रमाणे अंकांकडेही लक्ष द्यावे लागते. फ्रेंच लोक दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात. तारेची लांबी ‘१,२० मीटर’ अशी छापलेली असेल, तर ती इंग्रजीत ‘१.२० मीटर’ अशी लिहावयास हवी. स्वल्पविराम गळून गेला, तर सव्वा मीटरहून थोडी आखूड तार एकशे वीस मीटरांची होऊन बसेल!

अशा चुकांचे हसू येते. परंतु प्रत्येक चूक हसण्यावारी नेता येत नाही. फ्रेंच भाषेत ‘कास्क आंतिब्रुई’ असा एक शब्दप्रयोग आहे. शब्दशः त्याचा अर्थ ‘गोंगाटविरोधी शिरस्त्राण’ असा होतो. यंत्रांच्या गोंगाटात काम करणाऱ्यांच्या कानांचे रक्षण करणारे ते साधन आहे. युरोपीय संघाच्या २००३ मधील नियमांनुसार, दिवसभराच्या कामात सरासरी ८५ डेसिबल किंवा त्याहून अधिक गोंगाट होत असेल, तर कामगाराने कर्णरक्षक साधन वापरलेच पाहिजे. आता, एखाद्या यंत्रावरील सूचनेत घाईने केवळ ‘हेल्मेट घाला’ असे भाषांतर झाले, तर काय होईल? कामगार प्रामाणिकपणे डोके झाकील आणि कान मात्र उघडे राहतील. अंतःकर्णातील ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी एकदा नष्ट झाल्या, की माणसाच्या कानात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. एका शब्दाच्या चुकीची किंमत त्याला जन्मभर द्यावी लागेल.

म्हणून चांगला भाषांतरकार शब्दकोशावर विसंबून राहत नाही. तो ती वस्तू हाती घेतो, तिचा उपयोग समजून घेतो, ती वापरणाऱ्याला विचारतो आणि मगच शब्द लिहितो. जो वस्तूला ओळखतो, त्यालाच तिचे नाव सांगण्याचा अधिकार असतो.

स्वाध्याय

१. फ्रेंच लोक कोणकोणत्या वस्तूंना ‘कास्क’ म्हणतात? का?
२. ‘खोटे मित्र’ म्हणजे काय, ते पाठातील एक उदाहरण देऊन सांगा.
३. ‘वस्तू एकच, पण पाहणाऱ्यांच्या दृष्टी दोन’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. मराठी व हिंदी या भाषांत सारखे दिसणारे, पण वेगळ्या अर्थाचे शब्द शोधून लिहा.