पावसाळ्याचा पहारा

सप्ताह बसला की गावात पहारे वाटून दिले जातात. कोणत्या घरची माणसे कोणत्या प्रहरी भजनाला उभी राहणार, हे आधीच ठरलेले असते. म्हणूनच भजनात खंड पडत नाही. हीच शिस्त पावसाळ्यातील संकटांसाठी आपण का लावू नये, एवढाच प्रश्न ह्या पाठात आम्ही मांडीत आहोत.

आपल्या जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ काळी नदी उगम पावते, आणि तिच्या खोऱ्यातील वाड्या रानात दूरदूर विखुरलेल्या आहेत. ओढा चढला किंवा घाटात दरड कोसळली की वाडी जगापासून तुटते. अशा वेळी बाहेरची मदत येईपर्यंत शेजारी हाच पहिला रक्षक होय.

पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर कोसळला व १५१ माणसे दगावली. त्या वाटेने आलेल्या एसटी बसच्या चालकास नेहमीचे गाव दिसेना. त्याच्यामुळे ही वार्ता बाहेर कळली. पुढे आपल्याच जिल्ह्यात, अंकोला तालुक्यातील शिरूर येथे, १६ जुलै २०२४ रोजी महामार्गालगतची टेकडी ढासळली. माती गंगावळी नदीत जाताच पाणी उसळून पैलतीरावरील उळुवरे गावात शिरले. सारांश, धोका केवळ डोंगराच्या पायथ्याशीच थांबतो असे नाही.

दरड का कोसळते? मुरलेल्या पाण्याने मातीचे वजन वाढते आणि खडकावरची तिची पकड सुटते. त्यात रस्त्यासाठी वा घरासाठी उताराचा पायथा खणलेला असेल, तर तिचा आधारच जातो. तथापि, पुष्कळदा ती आधी सूचना देते. जमिनीला नव्या भेगा पडतात, झाडे व खांब कलतात, दारे चौकटीत अडकू लागतात, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते किंवा नवाच झरा फुटतो. ह्यांपैकी एकही खूण दिसली तर सामानाचा मोह न धरता घर सोडावे. ओढ्याच्या पात्रातून उतरू नये, उताराच्या बाजूला सरावे. आणि पाण्याखाली गेलेला साकव ओलांडण्याचे धाडस कोणीही करू नये.

पाऊस मोजणेही कठीण नाही. सपाट बुडाचा, सरळ कडांचा डबा शाळेच्या मोकळ्या अंगणात ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता मुलांनी पट्टीने पाणी मोजावे. चोवीस तासांत ११६ मिलिमीटर वा अधिक पाऊस झाल्यास हवामान खाते त्यास अति जोरदार म्हणते. २०४ च्या वर गेल्यास अत्यंत जोरदार. अशा दिवशी उताराखालील कुटुंबांनी अंधार पडण्यापूर्वीच सुरक्षित घरी जावे, आणि दोघादोघांनी पाळीने, सुरक्षित जागेवरून, रात्रभर पहारा करावा.

हे कार्य एकट्या देवळाचे नव्हे. आरोग्य केंद्राने प्रथमोपचार शिकवावेत, वन खात्याने वाटेवर पडलेली झाडे हटविण्यास हात द्यावा, ग्रामपंचायतीने वृद्ध, गर्भवती व अपंग यांची यादी ठेवावी. देवळाने सभामंडप द्यावा आणि इशाऱ्याची घंटा आरतीहून निराळी कशी वाजेल, हे सर्वांस आधी ऐकवावे. घंटा पोहोचत नाही त्या वाडीत ढोल ठरवावा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आणीबाणीचा ११२ हे क्रमांक घराघरांत भिंतीवर लिहावेत. आणि जेथे मोबाइलला रेंज नाही तेथून निरोप घेऊन कोणी धावायचे, हेही नेमून ठेवावे.

असे शिक्षण वाया जात नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर भागातील स्त्रिया घरबांधणीच्या कामात पुढे आल्या. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा त्यांच्यापैकी काही जणी आपला अनुभव घेऊन तिकडे गेल्या. ज्यांनी दुःख सोसले, त्याच दुसऱ्यांच्या गुरू झाल्या.

तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. मृग निघण्यापूर्वी एका सायंकाळी देवळात जमावे, पहाऱ्याची यादी करावी आणि ती सप्ताहाच्या यादीशेजारीच लावावी, अशी सर्व ग्रामस्थांस आमची नम्र विनंती आहे. रात्री आपल्या शेजाऱ्यासाठी जागणे, हीदेखील सेवाच होय.