दीघजाणूचा प्रश्न आणि आपल्या घरातील हिशेबाची वही

पालकभेटीच्या रविवारी वसतिगृहाच्या ओसरीवर जे संवाद चालतात, त्यांतून आम्हांला घराघरांचा इतिहास जेवढा कळतो, तेवढा कोणत्याही ग्रंथातून कळत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी इयत्ता नववीतील एका मुलाचे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागण्यासाठी आले. मुलगा हुशार होता, शाळेविषयी त्यांची तक्रार नव्हती. थोरल्या मुलीच्या लग्नासाठी त्यांनी गावातील एका सावकाराकडून एक लाख रुपये घेतले होते, व्याज दरमहा शेकडा तीन. "सर, व्याजच फिटत नाही. पोरगं कामाला लागलं तर तेवढाच हातभार," असे ते खाली मान घालून म्हणाले.

त्या दिवशी आम्हांला दीघजाणू आठवला, आणि खरे सांगायचे तर थोडी लाजही वाटली. तिचे कारण पुढे सांगू.

दीघजाणू कोण होता?

अंगुत्तर निकायाच्या अट्ठक निपातात दीघजाणू सुत्त आहे. तथागत कोलियांच्या कक्करपत्त नावाच्या गावी असताना हा कोलियपुत्र त्यांच्या भेटीस आला. त्याने आपली ओळख मोठ्या प्रामाणिकपणे करून दिली. आम्ही संसारी माणसे आहोत, बायकामुलांच्या गराड्यात राहतो, चंदन लावतो, माळा घालतो, सोने-चांदी हाताळतो; आमच्यासारख्यांचे या जन्मी आणि पुढेही कल्याण होईल असा धम्म सांगावा, अशी त्याची विनंती होती. भगवंतांनी त्याला घरदार सोडण्यास सांगितले नाही. संसारी माणसाच्या ऐहिक सुखासाठी त्यांनी चार गोष्टी सांगितल्या.

पहिली उट्ठानसंपदा. शेती, व्यापार, गोपालन, राजाची चाकरी किंवा एखादी कला, पोटाचा उद्योग कोणताही असो. त्यात कौशल्य असावे, आळस नसावा. दुसरी आरक्खसंपदा. घामाने आणि न्यायाने मिळविलेले धन जपावे. राजा, चोर, आग, पाणी आणि नावडते वारस यांच्या हाती ते जाऊ नये. तिसरी कल्याणमित्तता, म्हणजे श्रद्धा, शील, त्याग व प्रज्ञा असलेल्या माणसांची संगत. चौथी समजीविता. आपली आवक किती आणि जावक किती हे ओळखून फार उधळेपणाही नाही आणि फार कद्रूपणाही नाही, असे समतोल जगणे. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले किंवा किती उचलले हे जसे कळते, तसे गृहस्थाला आपल्या मिळकतीचे कळावे.

त्याच सुत्तात तलावाचा दृष्टान्त आहे. तलावाला पाणी येण्याच्या चार वाटा आणि जाण्याच्याही चार. येण्याच्या वाटा बुजवून जाण्याच्या उघड्या ठेवल्या आणि पाऊसही पडला नाही, तर तलाव आटणारच. धन वाहून जाण्याच्या त्या चार वाटा म्हणजे व्यभिचार, दारू, जुगार आणि वाईट संगत. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मिळकतीची विभागणीही सांगितली आहे: एक भाग उपभोगासाठी, दोन भाग उद्योगधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवावा.

ऋण हे दुःख आहे

अनाथपिंडिकाला उपदेश करताना भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. धन असण्याचे, त्याचा उपभोग घेण्याचे, कोणाचेही देणे नसण्याचे आणि निर्दोष आचरणाचे. तिसऱ्या सुखाला पालीत 'अनणसुख' म्हणतात. अन्यत्र इणसुत्तात त्यांनी दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याजातून तगादा, तगाद्यातून पाठलाग आणि शेवटी बंधन, अशी दुःखाची साखळीच उलगडून दाखविली आहे. आमच्या ओसरीवर आलेले ते वडील याच साखळीच्या चौथ्या कडीपाशी उभे होते, आणि पाचवी कडी त्यांच्या मुलाच्या पायात पडणार होती.

आम्ही एक कोरी वही आणली आणि त्यांच्याजवळ बसलो. एक लाखावर दरमहा शेकडा तीन, म्हणजे महिन्याला ३,००० रुपये केवळ व्याज. वर्षाला ३६,००० रुपये. तेहतीस महिन्यांत ९९,००० रुपये दिले जातील आणि मुद्दल तसेच उभे राहील. हे आकडे त्यांनी पूर्वी कधी एका कागदावर पाहिले नव्हते. मग रोजचा खर्च लिहिला. दिवसाला वीस रुपयांचा खर्रा. वर्षाचे होतात ७,३०० रुपये. त्यांनी स्वतःच ती रक्कम दोनदा मोजली. त्यांच्या पत्नी गावातील महिला बचत गटात होत्या. गटाचे व्याज दरमहा शेकडा एक होते. गटाकडून कर्ज घेऊन सावकाराचे देणे आधी फेडायचे असे ठरले. महिन्याचे व्याज ३,००० वरून १,००० वर आले आणि वाचलेले दोन हजार मुद्दलाकडे वळू लागले. दाखला लिहावा लागला नाही. तो मुलगा दहावी झाला, पुढे आयटीआयमध्ये शिकला.

वर्गातला धडा आणि घरातला

आता त्या लाजेविषयी. त्याच वर्षी आमच्या घरी थोरल्या मुलीचे लग्न झाले होते. विवाहविधी बौद्ध पद्धतीने, अर्ध्या तासात, दोन पुष्पहारांत पार पडला. परंतु मंडप, जेवणावळ आणि आहेर यांसाठी आम्ही शिक्षकांच्या पतसंस्थेतून मोठे कर्ज काढले होते. "लोक काय म्हणतील?" या एका प्रश्नापुढे आमची एम.ए.ची पदवी आणि पंचवीस वर्षांचे अध्यापन दोन्ही नमले. धाकटी मुलगी तेव्हा म्हणाली, "बाबा, तुम्ही मुलांना शिकवता ते चार भाग आपल्या घरात कुठे आहेत?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. पगारातून हप्ता पाच वर्षे कापला गेला, आणि त्या काळात सौभाग्यवतींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन दोनदा पुढे ढकलावे लागले.

२० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. त्या परिषदेत बाबासाहेबांनी आमच्या आया-आज्यांना स्वच्छ राहावे, व्यसनांपासून दूर राहावे, मुलांना शिकवावे, असे सांगितले. मुलांच्या लग्नाची घाई करू नये, कारण लग्न ही आर्थिक जबाबदारी आहे, हेही त्यांनी स्पष्ट बजावले. पत्नीने पतीची दासी न होता मित्र म्हणून बरोबरीने उभे राहावे, असाही त्यांचा आग्रह होता. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली लंडनहून ग्रंथ प्रसिद्ध करणारा हा अर्थशास्त्रज्ञ गरीब बायांशी घरखर्चाची भाषा बोलत होता. सयाजीराव गायकवाड यांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कमध्ये शिकताना त्यांनी पोटाला चिमटा घेतला, परंतु ग्रंथ घेतले. काटकसर कशासाठी करावी याचे उत्तर तेथे मिळते.

देहाचा हिशेब

धनाचा जसा, तसाच देहाचाही हिशेब असतो. संयुत्त निकायात कोसलराजा पसेनदीची कथा आहे. हा राजा द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत भगवंतांजवळ आला. मात्रा ओळखून जेवणाऱ्याच्या वेदना कमी होतात आणि त्याचे वार्धक्य हळूहळू येते, असे भगवंतांनी त्याला समजाविले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला रोज जेवताना ती गाथा म्हणावयास नेमले, त्यासाठी रोज शंभर कार्षापण देऊ केले, आणि क्रमाक्रमाने आपला आहार नाळीभर भातावर आणला.

आमचा सुदस्सन म्हणजे रक्ततपासणीचा कागद. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक असली की मधुमेह समजतात. आमची २१२ निघाली. बाबासाहेबांनाही मधुमेहाने अखेरच्या वर्षांत फार त्रास दिला. कामाच्या डोंगरापुढे त्यांना देहाकडे पाहण्यास सवड नव्हती. आपल्याला ती सबब नाही. सकाळी पाऊण तास चालणे, चहातील साखर बंद करणे, रात्रीची तिसरी पोळी सोडणे, एवढ्यावर आमचा आकडा पुष्कळ खाली आला. औषध चालूच आहे.

आजारपणाचा खर्च एकट्याचा नसतो, तो सबंध घराचा असतो. म्हणून आरोग्य हाही आरक्खसंपदेचाच एक भाग आहे असे आम्ही मानतो. विनयपिटकात एका अतिसाराने पडलेल्या, कोणीच न विचारलेल्या भिक्खूची कथा येते. भगवंतांनी आनंदांसह त्याला स्वतःच्या हातांनी अंघोळ घातली. घरातील म्हातारा माणूस खाटेवर पडलेला असताना सभेत करुणेवर भाषण देणाऱ्यांनी ही कथा पुनःपुन्हा वाचावी. त्यांत आम्हीही आलो.

सहा दिशा, एक घर

राजगृहात ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या सिगालाला तथागतांनी दिशांचा नवा अर्थ दिला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारी माणसे आणि वरची दिशा श्रमण. पतीच्या पाच कर्तव्यांत पत्नीचा सन्मान करणे आहे, तसेच घराचा अधिकार तिच्या हाती सोपविणेही आहे. राबणाऱ्यांना झेपेल तेवढेच काम, पोटभर अन्न व वेतन, आजारात शुश्रूषा आणि वेळेवर सुटी द्यावी, असेही तेथे सांगितले आहे.

आमच्या घरी आता हिशेबाची वही सौभाग्यवती ठेवतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाल्यावर सर्वजण बसून ती वाचतो. धाकटीच्या लग्नात पाहुणे मोजके होते आणि कर्ज शून्य होते. लोक काय म्हणायचे ते म्हणाले. आठवडाभर म्हणाले आणि विसरले. मोतीबिंदूचे ऑपरेशनही झाले.

अभ्यासासाठी

वाचकांनी, विशेषतः नुकत्याच नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांनी, पुढील चार प्रश्नांची उत्तरे घरातील सर्वांसमवेत लिहून काढावीत. माझ्या मिळकतीचा चौथा भाग खरोखर बाजूला पडतो काय? माझ्या तलावाची कोणती वाट उघडी आहे? मोटारसायकल व मोबाईल यांच्या हप्त्यांपैकी कोणता हप्ता गरजेचा आणि कोणता शेजाऱ्याला दाखविण्यासाठी आहे? घरातील कोणाचे औषधपाणी माझ्या हौसेमुळे लांबणीवर पडले आहे?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना आमचा हात थरथरला होता. तरीही ते लिहावे. दीघजाणूने आपण कसे जगतो हे आधी मोकळेपणाने सांगितले, म्हणूनच त्याला धम्म मिळाला.

नमो बुद्धाय! जय भीम!